चित्राचें मोल आणि चित्रकाराची कीर्ति

१. प्रयोजन

जुनीं दप्तरें, ताम्रपट, नाणीं आणि पोथ्या यांचा विचार ज्या पृष्ठांवर व्हावयाचा, तेथें अलीकडील चित्रांच्या बाजारभावाचा विषय काढणें कांहीं वाचकांस अप्रस्तुत वाटेल. तथापि ज्या प्रश्नाशीं पोथीसंग्राहकाचा नित्याचा संबंध आहे, तोच प्रश्न या बाजारांत मोठ्या अक्षरांत लिहिलेला आढळतो. एकाच विषयाच्या व एकाच शतकांतील दोन पोथ्यांपैकीं एक रद्दीच्या भावानें जाते आणि दुसरी संग्रहालयाच्या कपाटांत बसते. हा भेद कोण करितो व कशाच्या आधारें करितो, हाच तो प्रश्न होय.

ता. १९ मार्च २०२५ रोजीं न्यूयॉर्क येथें ख्रिस्तीज या पेढीच्या लिलावांत मकबूल फिदा हुसेन यांचें ‘ग्रामयात्रा’ या नांवानें ओळखलें जाणारें १९५४ सालचें चित्र १ कोटि ३७ लक्ष ५० हजार डॉलरांस, म्हणजे सुमारें ११८ कोटि रुपयांस गेलें. आधुनिक भारतीय चित्रास तोंपर्यंत लिलावांत इतकी किंमत आली नव्हती. हुसेन यांचा जन्म १९१५ सालचा, पंढरपूरचा. आमच्या मुरुम-उमरगें भागांतील वारकरी ज्या वाटेनें जातात त्याच वाटेच्या टोंकाचें हें गांव. त्याच वर्षाच्या सप्टेंबर महिन्यांत सॅफ्रनआर्ट या मुंबईच्या संस्थेच्या लिलावांत वासुदेव संतू गायतोंडे यांच्या १९७० सालच्या चित्रास ६७ कोटि ८ लक्ष रुपये पडले. गायतोंडे घराणें मूळचें गोव्याकडील. चित्रकाराचा जन्म १९२४ सालीं नागपुरास झाला.

याच्या उलट बाजूस कोल्हापूरचे आबालाल रहिमान ठेवून पाहावे. शाहू छत्रपतींच्या आश्रयास असलेल्या या चित्रकाराच्या हाताची वाहवा जाणत्या माणसांच्या तोंडून पिढ्यानपिढ्या ऐकूं येते. परंतु मराठी मुलखाबाहेर त्यांचें नांव क्वचितच कोणास ठाऊक असतें, आणि बाजाराच्या आंकड्यांत तर त्यांस स्थानच नाहीं. हा भेद केवळ गुणांचा आहे असें म्हणण्यास आमचें मन धजत नाहीं. प्रस्तुत लेखाचें प्रतिपाद्य इतकेंच कीं, आधुनिक बाजारांत चित्राचें मोल गुणावर उभें राहतें खरें, पण तें चढतें कागदांवर. आणि ज्यांचे कागद उरले नाहींत त्यांची कीर्ति गुण असूनहि बुडते.

२. जुना हिशेब

आमच्या संस्कृत ग्रंथांत चित्राच्या गुणदोषांची चर्चा विपुल आहे, मोलाची जवळ जवळ नाहीं. विष्णुधर्मोत्तरांतील चित्रसूत्रांत चित्र पाहणारांचे चार वर्ग सांगितले आहेत. आचार्य रेखेची प्रशंसा करितात, विचक्षण वर्तनेची म्हणजे छायाप्रकाशाची, स्त्रिया भूषणांची, आणि इतर जन रंगांच्या समृद्धीची. हें वर्गीकरण आजहि खोटें ठरलेलें नाहीं. मात्र पांचवा एक वर्ग, म्हणजे पुढें अधिक किंमतीस विकतां यावें म्हणून चित्र घेणारा, त्या ग्रंथकारास परिचित नव्हता.

कौटिल्यानें भृत्यभरणाच्या अध्यायांत कारुशिल्पींचें वेतन १२० पण व कुशीलवांचें २५० पण लाविलें आहे. म्हणजे राज्य जें मोल देई तें माणसाच्या वेळास व कसबास देई. त्याच्या हातून उतरलेली एकेक कृति स्वतंत्रपणें खरीदविक्रीस निघावी ही कल्पना त्या व्यवस्थेंत नव्हती. हीच रीत थोड्याफार फरकानें पेशवाई अखेरपर्यंत चालली. धनी बदलला म्हणजे चित्रकाराचा आश्रय बदले. परंतु एकदां भिंतीवर किंवा पटावर उतरलेलें चित्र पुनः बाजारांत येत नसे, आणि म्हणून त्यावर चित्रकाराचें नांव असण्याचीहि कोणास फारशी गरज भासत नसे.

या काळांतील एक नांव मात्र राहिलें, आणि तें कां राहिलें हें पाहण्यासारखें आहे. पुण्याच्या दरबारांतील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट व चित्रकार जेम्स वेल्स यांच्या हाताखालीं गंगाराम तांबट यानें अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत वेरूळच्या लेण्यांचीं व इतर कित्येक रेखाटनें केलीं. वेल्स १७९५ सालीं वारला. मॅलेट विलायतेस परत गेला. तीं रेखाटनें त्यांच्या कागदपत्रांबरोबर गेलीं, जपलीं गेलीं, आणि आज अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या संग्रहांत आहेत. शनिवारवाड्याच्या भिंती रंगविणारे गंगारामाच्या तोडीचे दुसरे कोणी नसतीलच असें नाहीं. पण वाडा १८२८ सालीं जळाला, आणि भिंतींबरोबर त्यांचीं नांवेंहि गेलीं. गंगारामाची कीर्ति ज्या कागदानें वांचविली तो कागद त्याच्या स्वतःच्या घरांतला नव्हता, हें ध्यानांत ठेवावें.

३. राजा रविवर्मा : एक कीर्ति, दोन बाजार

पुढच्या शतकांत आश्रयदात्याचा व्यवहार आणि खुल्या बाजाराचा व्यवहार हे दोन्ही एकाच माणसाच्या आयुष्यांत एकत्र आले. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) हे त्रावणकोरकडील. पण त्यांच्या कीर्तीचा मोठा भाग मराठी मुलखांत व बडोद्यांत घडला. संस्थानिकांसाठीं तैलचित्रें काढून ते मोठी बिदागी घेत. सयाजीराव गायकवाडांसाठीं त्यांनीं चौदा पौराणिक चित्रें काढिलीं. त्याबरोबरच १८९४ सालीं त्यांनीं मुंबईस शिळाछापाचा कारखाना काढिला. तो पुढें लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला, आणि नव्या शतकाच्या आरंभींच फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला.

तैलचित्र एक, त्याचा धनी एक, आणि तें पाहणारे मोजके. शिळाछाप चित्राच्या प्रति मात्र हजारों, आणि विकत घेणारा कोणीहि. आमच्या उमरगें-तुळजापूर भागांतील जुन्या वाड्यांच्या देवघरांत अशीं चौकटींत बसविलेलीं लक्ष्मी-सरस्वतीचीं चित्रें अजूनहि दृष्टीस पडतात. त्यांच्या पायथ्याशीं छापखान्याचें व ठिकाणाचें नांव बारीक अक्षरांत असतें. पोथीच्या पुष्पिकेचें जें काम तेंच या ओळीचें; छाप घाटकोपरचा कीं कार्ला-लोणावळ्याचा हें तींतून कळतें व कालनिर्णयास आधार मिळतो. दुर्दैवानें चौकट लहान पडली म्हणजे कारागीर प्रथम हीच ओळ कातरून टाकितो.

शिळाछापानें रविवर्म्यांस घरोघर नेलें, परंतु विद्वानांच्या दृष्टींत त्यांचें नांव त्याच छापांमुळें उतरलें. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बंगाली संप्रदायाचे पुरस्कर्ते त्यांच्या चित्रांस परकी वळणाचीं व हलक्या रुचीचीं म्हणत. पुढें वारें फिरलें. १९७९ सालीं भारत सरकारनें त्यांच्या कृतींस राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा दिला, आणि १९९३ सालीं दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत त्यांच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन झालें. चित्रें तींच, रेखा तीच, रंग तेच. शंभर वर्षांत कीर्ति मात्र चढली, पडली व पुनः चढली. गुण स्थिर असतां जर कीर्ति अशी हेलकावते, तर तिचीं कारणें चित्राच्या चौकटीबाहेर शोधलीं पाहिजेत हें उघड आहे.

४. प्रदर्शन, समीक्षक आणि एका मंडळाचे सहा जण

मुंबईंत सर जमशेटजी जिजीभाई यांच्या नांवाची कलाशाळा १८५७ सालीं निघाली व बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ सालीं. येथपासून चित्रकारास धन्याऐवजीं परीक्षक मिळाला. प्रदर्शनांतील पदक, वर्तमानपत्रांतील चार ओळी आणि छापील सूचींतील नांव हीं त्याचीं नवीं सनदपत्रें झालीं. कोल्हापुरास जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर यांस १८९५ सालीं या संस्थेचें सुवर्णपदक मिळालें. आपलीं एकेचाळीस वर्षें त्यांनीं स्वतःच ग्रंथरूपानें लिहून ठेविलीं. त्यांच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, २०१८ सालीं मुंबईस त्यांचें जें मोठें प्रदर्शन भरलें, त्याच्या मागें हा आत्मवृत्तान्त व घरांत जपलेली सामग्री होती. ज्यानें स्वतःचे कागद राखिले त्याची कीर्ति उशिरां कां होईना परत आली.

यापुढील उदाहरण आमच्या विषयास फारच उपयोगी आहे. १९४७ सालीं मुंबईंत ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप’ हें मंडळ स्थापन झालें. संस्थापक सहा : गोव्याचे फ्रान्सिस न्यूटन सोझा, मध्यप्रांतांतले सय्यद हैदर रझा, पंढरपूरचे हुसेन, जुन्या निजामी राज्यांतील बोलारमचे कृष्णाजी हौळाजी आरा, विदर्भांतले हरि अंबादास गाडे, आणि शिल्पकार सदानंद बाक्रे. १९४९ सालीं त्यांचें पहिलें प्रदर्शन झालें तेव्हां सहाहि जण एकाच दालनांत, एकाच सूचींत व जवळ जवळ एकाच मोलाचे होते.

त्यांच्यामागें उभे राहिलेले गृहस्थ युरोपांतील हिटलरशाहीच्या वावटळीनें मुंबईस आलेले होते. वाल्टर लँगहॅमर हे टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक, रूडॉल्फ फॉन लायडन हे समीक्षक, आणि इमॅन्युएल श्लेझिंगर हे कारखानदार व संग्राहक होते. एक शिकवी, दुसरा लिही, तिसरा विकत घेई. या त्रयीनें जें घडविलें तेंच पुढें संस्थांनीं वाढविलें. जहांगीर कलादालन १९५२ सालीं उघडलें. केकू गांधी यांची ‘केमोल्ड’ व काली पंडोल यांची ‘पंडोल’ हीं विक्रीदालनें १९६३ सालीं निघालीं. होमी भाभा यांनीं आपल्या मूलभूत संशोधन संस्थेच्या इमारतीसाठीं या तरुणांचीं चित्रें पद्धतशीरपणें घेतलीं. प्रत्येक खरेदीबरोबर एक नोंद झाली, एक पावती फाटली, एक छायाचित्र निघालें. पुढील कोट्यवधींच्या इमारतीचा पाया हा असा शेकड्यांच्या व्यवहारांत घातला गेला.

आतां त्या सहांची गति पाहा. सोझा १९४९ सालीं लंडनला गेले, रझा १९५० सालीं पॅरिसला. दोघांनाहि परदेशांतील विक्रीदालनें व समीक्षक लाभले. हुसेन भारतांतच राहून स्वतःचें नांव गाजविण्याची कला शिकले. आरा मुंबईंत राहिले व १९८५ सालीं वारले. गाडे मुंबईंतच राहिले. बाक्रे लंडनला बरींच वर्षें काढून परत आले आणि कोंकणांत मुरुड येथें एकांतांत राहून २००७ सालीं निवर्तले. रझांच्या ‘जेस्टेशन’ या चित्रास २०२३ सालीं ५१ कोटि ७५ लक्ष रुपये आले. गाडे व बाक्रे यांच्या कृति त्या पायरीच्या पुष्कळ खालीं राहिल्या. पहिल्या सूचींत शेजारीं शेजारीं छापलेल्या नांवांत पाऊणशें वर्षांनीं एवढें अंतर पडावें, याचें उत्तर केवळ रेखा व वर्तना यांत सांपडत नाहीं. ज्यांच्याविषयीं सतत लिहिलें गेलें, ज्यांचीं चित्रें मोठ्या पेढ्यांनीं हाताळलीं व ज्यांची यादी अखंड राहिली, त्यांचा भाव चढला.

५. गायतोंडे : मौनाचा भाव

कोणी म्हणेल, गायतोंडे तर अबोल व एकांतप्रिय. त्यांनीं कोणाच्या दारीं खेटे घातले नाहींत, मग त्यांस इतका भाव कां? या शंकेचें समाधान केल्याविना आमचें प्रतिपादन लंगडें राहील.

गायतोंडे १९४८ सालीं जे. जे. कलाशाळेची पदविका घेऊन बाहेर पडले. १९५७ सालीं तोक्यो येथील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनांत त्यांस प्रथम पारितोषिक मिळालें. १९६४ सालीं रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ सालीं पद्मश्री मिळाली. १९७२ सालापासून ते दिल्लींत राहिले. १९८४ सालच्या अपघातानंतर मोठीं तैलचित्रें कांहीं वर्षें बंद पडलीं, आणि १० ऑगस्ट २००१ रोजीं ते वारले. अखेरचीं वर्षें साध्या खोलींत, थोड्या माणसांत गेलीं.

दोन गोष्टी येथें ध्यानांत घ्याव्या. पहिली अशी कीं, हा चित्रकार वर्षास पांचसहा तैलचित्रें करी. माल थोडा, आणि मृत्यूनें तो कायमचा थांबलेला. मागणारे मात्र १९९१ नंतरच्या अर्थव्यवहारांत धनिक झालेले व वाढते. दुसरी अशी कीं, माणूस मुका असला तरी त्याचे कागद मुके नव्हते. पारितोषिकें, शिष्यवृत्ति, विक्रीदालनाच्या नोंदी व संस्थांच्या खरेद्या यांची साखळी कोठें तुटली नव्हती. त्या साखळीवरच ऑक्टोबर २०१४ मध्यें न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानें त्यांचें स्वतंत्र प्रदर्शन उभें केलें. भाव कसा चढला तें पाहा : डिसेंबर २०१३ मध्यें मुंबईच्या लिलावांत २३ कोटि ७० लक्ष, २०२१ सालीं ३९ कोटि ९८ लक्ष, २०२२ सालीं ४२ कोटि, आणि २०२५ सालीं वर सांगितलेले ६७ कोटि ८ लक्ष. यांतील एकहि रुपया चित्रकाराच्या हयातींतला नाहीं.

६. लिलावाचें यंत्र

आंकडा ऐकून थक्क होण्यापूर्वीं तो कसा निघतो हें समजून घ्यावें. पेढी चित्र घेते, त्याची छापील सूचि काढिते, तींत पूर्वीच्या धन्यांची परंपरा, प्रदर्शनें व ग्रंथांतील उल्लेख देते, आणि अंदाजी किंमत छापते. विकणाराशीं एक राखीव किंमत गुप्तपणें ठरते. बोली तिच्या खालीं राहिली तर चित्र परत जातें. हातोडा पडल्यावर विकत घेणाराकडून पेढीची दलाली वर घेतली जाते. वर्तमानपत्रांत येणारा आंकडा बहुधा ही दलाली धरून असतो.

इतिहासाच्या अभ्यासकानें हा आंकडा पुराव्याच्या कसोटीस लावावा. प्रथम, चढाओढीची किंमत दोन माणसें ठरवितात; शेवटपर्यंत टिकलेला एक व त्याला तेथवर ओढीत नेणारा दुसरा. एका संध्याकाळीं दोन माणसांच्या मनांत काय होतें याचा तो पुरावा आहे, साऱ्या रसिकवर्गाच्या मताचा नव्हे. दुसरें, जीं चित्रें न विकतां परत गेलीं त्यांची वार्ता गाजत नाहीं. केवळ जेत्यांच्या बखरींवरून लढाईचा वृत्तान्त लिहावा तशी ही गत होते. तिसरें, भाव उतरतोहि. १९९५-९६ सालीं न्यूयॉर्क येथें झालेल्या हर्विट्झ दांपत्याच्या संग्रहाच्या विक्रीनें भारतीय चित्रांस बाहेरचा बाजार खुला केला. २००५ सालीं तैयब मेहता यांच्या ‘महिषासुर’ चित्रानें दहा लक्ष डॉलरांची मर्यादा प्रथम ओलांडली, आणि पुढें कित्येकांनीं चित्रांस सोन्याप्रमाणें ठेव मानून पैसा गुंतविला. २००८ सालच्या जागतिक मंदींत त्याच बाजाराचा भाव कोसळला. चित्रांचा गुण त्या वर्षीं उतरला होता असें कोण म्हणेल?

मग पैसा कोणाच्या हातीं जातो? ‘ग्रामयात्रा’ चित्र दिल्लींत घेऊन नॉर्वेस नेणारे एक परदेशी डॉक्टर होते. त्यांनीं तें ओस्लो येथील रुग्णालयास दिलें, आणि विक्रीचें धन डॉक्टरांच्या शिक्षणाकडे वळलें. ही गति चांगलीच म्हटली पाहिजे. परंतु सामान्यतः चढलेला भाव मागच्या धन्यास व पेढीस मिळतो. फ्रान्सनें १९२० सालींच असा कायदा केला कीं, पुनर्विक्रींत चित्रकारास वा त्याच्या वारसांस अंश मिळावा. आमच्या १९५७ च्या ग्रंथस्वामित्व कायद्यांत १९९४ च्या दुरुस्तीनें ५३-अ हें कलम आलें. दहा हजार रुपयांहून अधिक किंमतीच्या पुनर्विक्रींत मूळ कर्त्यास किंवा वारसांस दहा टक्क्यांपर्यंत अंश मागतां येतो. आमच्या वाचकांनीं लक्षांत घ्यावें कीं, हें कलम चित्रांप्रमाणेंच ग्रंथकाराच्या मूळ हस्तलिखितासहि लागू आहे. पण व्यवहारांत त्याचा उपयोग क्वचितच केलेला दिसतो. कलम पुस्तकांत राहिलें आणि व्यवहार बाजारांत राहिला.

७. बनावट आणि वंशावळ

जेथें भाव तेथें बनावट, हा नियम सनदांच्या अभ्यासकांस नव्यानें सांगावयास नको. वतनाच्या तंट्यासाठीं शिक्का, तारीख व मोडीचें वळण साधून केलेले खोटे महजर आपण पुष्कळ पाहिले आहेत. चित्रांचा प्रकार तोच. जानेवारी २००९ मध्यें दिल्लींत रझा यांच्या चित्रांचें प्रदर्शन भरलें. वृद्ध चित्रकार स्वतः तेथें गेले, आणि भिंतीवरील बहुतेक चित्रें आपलीं नव्हेत असें त्यांस सांगावें लागलें. कर्ता जिवंत होता म्हणून निवाडा झाला. तो नसता तर निवाडा कशावर व्हावयाचा?

उत्तर एकच : चित्राच्या वंशावळीवर. कोणत्या सालीं, कोणत्या प्रदर्शनांत, कोणत्या क्रमांकानें लागलें, कोणी घेतलें, पावती कोठें आहे, पाठीमागें कोणत्या दालनाची चिठ्ठी आहे, पुढें तें कोणाच्या घरीं गेलें. पोथीची पुष्पिका, लेखकाचें नांव, शक, संवत्सर, स्थल आणि नंतरच्या धन्यांच्या सह्या आपण ज्या क्रमानें वाचतों, अगदीं तोच हा क्रम. हस्ताक्षर नकलतां येतें. पण साठ वर्षांत पांच निरनिराळ्या ठिकाणीं झालेल्या पांच स्वतंत्र नोंदी नकलणें फार कठिण. म्हणूनच आज बाजारांत निनांवी वंशावळीचें उत्तम चित्र पडून राहतें, आणि अखंड वंशावळीचें मध्यम चित्र वर जातें.

८. आबालाल रहिमान आणि कायद्याची यादी

आतां आबालालांकडे परत येऊं. १८८० नंतरच्या दशकांत ते मुंबईच्या कलाशाळेंत शिकले व कोल्हापुरास परतले. निसर्गचित्रांत, विशेषतः पाणी, धुकें व संधिप्रकाश यांच्या चित्रणांत, त्यांचा हात असामान्य होता. शाहू महाराजांचा आश्रय होता तोंवर बाजाराशीं गांठ घालण्याची त्यांस गरज पडली नाहीं. १९२२ सालीं महाराज निवर्तले. त्या शोकांत आबालालांनीं आपलीं पुष्कळ चित्रें कोटितीर्थाच्या तळ्यांत बुडविलीं अशी कथा कोल्हापुरांत प्रसिद्ध आहे. १९३१ सालीं ते स्वतः गेले.

ही कथा अक्षरशः खरी मानावी कीं नाहीं यापेक्षां ती सांगावी लागते ही गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. चित्रांची यादी असती, विक्रीची वही असती, प्रदर्शनांच्या सूचींत नांवें असतीं, तर काय बुडालें व काय उरलें हें सांगतां आलें असतें. यादी नसल्यामुळें तळें हाच त्यांच्या चरित्राचा मुख्य दस्तऐवज होऊन बसला आहे. आश्रयदात्याच्या व्यवस्थेंत सारी स्मृति एका माणसाच्या ठायीं असे. तो गेला कीं ती गेली.

१९७२ च्या पुरावस्तु व कलानिधि कायद्यानें शंभर वर्षांहून जुन्या वस्तु व पंचाहत्तर वर्षांहून जुनीं महत्त्वाचीं हस्तलिखितें यांस निर्यातबंदी केली, हें संग्राहक जाणतातच. त्याच कायद्याखालीं नऊ चित्रकारांच्या कृति राष्ट्रीय कलानिधि ठरल्या : रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ व गगनेंद्रनाथ ठाकूर, नंदलाल बसू, जामिनी राय, अमृता शेरगिल, रविवर्मा, निकोलस रोरिक आणि शैलोज मुखर्जी. या यादींत मराठी मुलखांतला एकहि चित्रकार नाहीं. यांत पक्षपात झाला असें आम्ही म्हणत नाहीं; परंतु ज्या प्रांतांत कलाशाळा १८५७ पासून चालली त्या प्रांतानें आपल्या चित्रकारांचीं चरित्रें, याद्या व पत्रव्यवहार वेळेवर प्रसिद्ध केले असते, तर यादी करणारांच्या मेजावर दुसरीं नांवेंहि आलीं असतीं असें मानण्यास जागा आहे. बंगालनें ठाकूर घराण्याविषयीं जितकें लिहिलें त्याच्या दशांशहि आम्हीं आमच्या चित्रकारांविषयीं लिहिलें नाहीं.

९. संग्राहकांस विनंति

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा कीं, बाजाराचा आंकडा हा कलेचा निवाडा नव्हे; पण ज्या कागदांवर तो आंकडा चढतो ते कागद इतिहासाचीं साधनें आहेत, आणि तीं जमविणें हें आपलें काम आहे, दलालांचें नव्हे. दलाल तीं शोधील तेव्हां ज्यांना भाव आहे त्यांचींच शोधील. ज्यांना भाव नाहीं त्यांच्यासाठीं संशोधकाखेरीज दुसरा कोणी वाली नाहीं.

म्हणून प्रत्येक तालुक्यांतील संग्राहकांनीं पुढील गोष्टी कराव्या असें सुचवितों. वाड्यांत, देवळांत, शाळांत व नगरपालिकांच्या सभागृहांत असलेल्या चित्रांची टिपणें करावीं. विषय, लांबीरुंदी, सही, तारीख व सध्याची जागा लिहावी. चौकट दुरुस्तीस देतांना पाठीमागचा कागद व चिठ्ठी फाडूं देऊं नये; आधीं तिची नक्कल व छायाचित्र घ्यावें. शिळाछाप चित्राची खालची ओळ कातरूं नये. चित्रकलेचे शिक्षक, पाट्या रंगविणारे, पडदे रंगविणारे व छायाचित्रांस रंग देणारे यांच्या घरीं ज्या वह्या, पावत्या, प्रदर्शनांच्या सूचि व पत्रें असतील त्या रद्दींत जाण्यापूर्वीं पाहून घ्याव्या. हुसेन यांनींहि मुंबईंत आरंभीं सिनेमाचे फलकच रंगविले होते. तेव्हां असल्या घरास क्षुद्र समजूं नये. वृद्धांच्या तोंडची माहिती सांगणाराचें नांव व दिनांक यांसह टिपावी, आणि कथा ती कथा व नोंद ती नोंद असा भेद राखावा.

एकेका गांवीं अशीं पांचदहा टिपणें झालीं तरी पन्नास वर्षांनंतरच्या अभ्यासकास तीं पुरेशीं होतील. पोथीच्या शेवटीं लेखक आपलें नांव व शक घालितो तो भाव वाढावा म्हणून नव्हे, तर पुढच्या वाचकास लिहिणाराचा पत्ता लागावा म्हणून. आमच्या चित्रकारांपैकीं पुष्कळांच्या कृतींस ही शेवटची ओळ नाहीं. ती लिहिण्याचें काम आतां आपल्याकडे आलें आहे, आणि चित्रें व तीं ओळखणारीं माणसें दोन्ही शिल्लक आहेत तोंवरच तें होण्यासारखें आहे.

मुरुम, ता. उमरगें, जि. धाराशिव.